फातिमा जीना : वयाच्या ७१ व्या वर्षी लष्करशहासमोर उभ्या राहिलेल्या उमेदवार

मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर १९२३ साली एका तरुण मुस्लिम महिलेने दातांचा दवाखाना उघडला. मुलींना शाळेत घालायचं की नाही यावरूनच अनेक घरांत वाद होत होते, असा तो काळ. ही मुलगी मात्र कलकत्त्याला राहून दंतवैद्यक शिकून आली होती. स्वतःचा दवाखाना सांभाळून ती धोबीतलावच्या महापालिकेच्या दवाखान्यातही गोरगरिबांचे दात तपासायची. पुढे ४१ वर्षांनी याच बाई एका फील्ड मार्शलच्या विरोधात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. त्यांचं नाव फातिमा जीना.

आपल्याकडे त्यांची ओळख मोहम्मद अली जीनांची बहीण एवढीच आहे. ते नाव आलं की फाळणीचा विषय निघतो आणि बोलणं तिथंच थांबतं. फाळणीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. आमच्या वाडवडिलांनी ही माती सोडली नाही, आणि त्या राजकारणाची किंमत इथं राहिलेल्या मुसलमानांनीच जास्त मोजली. तो हिशेब आज मांडायचा नाही. फातिमा जीनांच्या आयुष्यातला शेवटचा अध्याय मात्र आपल्या तरुण मुला-मुलींना माहीत असायला हवा, असं आम्हाला वाटतं. सत्ता एका माणसाच्या हातात गेली की लोक एकच प्रश्न विचारू लागतात : विरोधी पक्षाकडे चेहरा कुठं आहे? १९६४ साली पाकिस्तानात हाच प्रश्न विचारला गेला, आणि त्याचं उत्तर म्हणून या बाईंचं नाव पुढे आलं. त्या उत्तराने काय साधलं आणि काय साधलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

मुंबईतली वर्षं

फातिमा यांचा जन्म १८९३ सालचा. सात भावंडांत त्या सर्वांत धाकट्या, आणि थोरले भाऊ मोहम्मद अली त्यांच्यापेक्षा सुमारे सतरा वर्षांनी मोठे. आई लवकर गेली, वडीलही त्या लहान असतानाच वारले. त्यानंतर त्यांची जबाबदारी मुंबईत बॅरिस्टरी करणाऱ्या या भावाने घेतली. त्यांनी बहिणीला वांद्र्याच्या कॉन्व्हेंट शाळेत, बोर्डिंगमध्ये घातलं. खोजा कुटुंबातली मुलगी ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत राहणार, हे नातेवाइकांपैकी अनेकांना रुचलं नव्हतं. भावाने कोणाचं ऐकलं नाही.

१९२९ च्या फेब्रुवारीत जीनांच्या पत्नी रत्तनबाई यांचा इंतकाल झाला. फातिमा यांनी दवाखाना बंद केला आणि भावाच्या घरी राहायला गेल्या. तिथून पुढची १९ वर्षं लंडन असो, मलबार हिल असो की दिल्ली, त्या भावासोबतच होत्या. १९४७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याबरोबर विमानाने कराचीला गेल्या. अखेरच्या आजारपणात झियारतच्या डोंगरावर त्यांची शुश्रूषा करत होत्या. ११ सप्टेंबर १९४८ ला जीनांना कराचीत आणलं, तेव्हा विमानतळापासून घरी नेणारी रुग्णवाहिका रस्त्यातच बंद पडली. देशाचा गव्हर्नर जनरल उन्हात आणि उकाड्यात दुसऱ्या गाडीची वाट बघत पडून राहिला, आणि बहीण शेजारी बसून वारा घालत राहिली. त्याच रात्री जीना गेले.

यानंतर फातिमा यांनी सरकारात कोणतंही पद घेतलं नाही. लोक त्यांना मादर-ए-मिल्लत, म्हणजे कौमची आई म्हणू लागले. सरकारला मात्र त्यांचं बोलणं अडचणीचं वाटायचं. १९५१ साली भावाच्या बरसीला त्यांचं भाषण रेडिओवर लागलं, आणि नेमका सरकारवर टीका करणारा भाग आला तेव्हा प्रक्षेपणातून आवाज गायब झाला. तांत्रिक बिघाड झाला असा खुलासा करण्यात आला. तो फार थोड्यांना पटला. लक्षात घ्या, तेव्हा लष्करी राजवट आलेली नव्हती, नागरी सरकारच होतं. टीका ऐकायची सवय सुरुवातीपासूनच लागली नाही, तर पुढे काय होतं ते याच देशाने पाहिलं.

निवडणुकीच्या आधीच लोकशाही गेली

भारतात १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. प्रत्येक प्रौढाला एक मत मिळालं, मग तो शिकलेला असो नसो. आपल्या आजी-आजोबांनी मत देऊन सरकारं निवडली. पाकिस्तानात मात्र राज्यघटना तयार व्हायलाच १९५६ साल उजाडलं. १९४७ ते १९५८ या अकरा वर्षांत सात पंतप्रधान झाले. पहिले लियाकत अली खान १९५१ मध्ये रावळपिंडीत गोळीला बळी पडले. दुसरे ख्वाजा नाझिमुद्दीन यांना १९५३ मध्ये गव्हर्नर जनरलने घरी बसवलं. १९५४ मध्ये तर घटना लिहिणारी सभाच बरखास्त झाली आणि वरच्या न्यायालयाने ते चालवून घेतलं. पक्ष फुटत होते, सरकारं बनत होती आणि पडत होती, आणि यात सामान्य माणसाला कोणी विचारत नव्हतं.

अखेर १९५९ च्या सुरुवातीला पहिली सार्वत्रिक निवडणूक होणार असं ठरलं. ती झालीच नाही. ७ ऑक्टोबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी घटना रद्द करून मार्शल लॉ लावला. वीस दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, सेनाप्रमुख अयूब खान यांनी मिर्झांनाच बाजूला केलं आणि सगळी सत्ता हातात घेतली.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. त्या दिवशी बहुतेक लोकांना बरं वाटलं. साठेबाज पकडले गेले, भाव खाली आले, कचेऱ्यांत लोक वेळेवर यायला लागले. राजकारण्यांना सगळे कंटाळले होतेच. खुद्द फातिमा जीनांनीही सुरुवातीला या बदलाचं स्वागत केलं होतं. हुकूमशाही पहिल्या दिवशी वाईट चेहरा घेऊन येत नाही. शिस्त, स्वच्छता, मजबूत नेतृत्व हे शब्द घेऊन येते. लोक दमलेले असतात, म्हणून दार उघडतात. खरी ओळख पटेपर्यंत बराच काळ निघून जातो.

८० हजारांचे मतदार

अयूब खान हुशार होते. नुसत्या बंदुकीवर फार दिवस राज्य करता येत नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून १९५९ मध्ये त्यांनी बुनियादी जम्हूरियत नावाची योजना आणली. पूर्व पाकिस्तानात ४० हजार आणि पश्चिम पाकिस्तानात ४० हजार असे स्थानिक पातळीवरचे सदस्य लोकांनी निवडायचे. लोक त्यांना बी.डी. मेंबर म्हणायचे. गावाचा रस्ता, नाला, पूल यांची कामं हे मेंबर बघणार. वरून पाहिलं तर ही आपल्या ग्रामपंचायतीसारखी चांगली व्यवस्था वाटते. पण खोच पुढे होती. देशाचा राष्ट्राध्यक्ष आणि संसद निवडण्याचा हक्कही याच ८० हजार मेंबरांना देण्यात आला. कोट्यवधी लोकांच्या देशात मतदार फक्त ८० हजार.

आता विचार करा, कोट्यवधी मतदारांना धमकावणं कोणत्याही सरकारला अवघड जातं. ८० हजारांना गाठणं मात्र सोपं असतं. प्रत्येक मेंबरचं नाव, घर, जमीन, खटले जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरला माहीत. गावातल्या कामांचा पैसा त्याच्याच कचेरीतून सुटणार. ज्याला काम हवं त्याने मर्जी राखायची. फेब्रुवारी १९६० मध्ये याच मेंबरांना विचारलं गेलं की अयूब खान यांच्यावर तुमचा विश्वास आहे का. ९५ टक्क्यांहून जास्त जणांनी होय म्हटलं. १९६२ मध्ये नवी घटना आली, तीही राष्ट्राध्यक्षाने दिलेली. सगळे अधिकार त्याच्याच हातात होते.

विरोधकांचं काय? १९५९ च्या एका हुकमाने अनेक जुन्या पुढाऱ्यांना १९६६ च्या अखेरपर्यंत निवडणूक लढवायला बंदी झाली. त्याच वर्षी पुरोगामी विचारांची वर्तमानपत्रं चालवणारी एक मोठी कंपनी सरकारने ताब्यात घेतली. १९६३ मध्ये छापखाने आणि वर्तमानपत्रांवर आणखी कडक कायदा आला. माजी पंतप्रधान हुसेन शहीद सुहरावर्दी दोन्ही भागांतल्या विरोधकांना एकत्र आणू शकतील असे नेते होते. त्यांना १९६२ मध्ये तुरुंगात टाकलं. सुटल्यावर त्यांनी पुन्हा प्रयत्न सुरू केला, पण ५ डिसेंबर १९६३ ला बैरुतमध्ये त्यांचा इंतकाल झाला. विरोधी पक्ष पोरके झाले.

चेहऱ्याचा शोध

१९६४ च्या जुलैमध्ये पाच विरोधी पक्षांनी आघाडी केली. त्यात ख्वाजा नाझिमुद्दीन यांची कौन्सिल मुस्लिम लीग होती, शेख मुजीबुर रहमान यांची अवामी लीग होती, डाव्या विचारांची नॅशनल अवामी पार्टी होती, चौधरी मुहम्मद अली यांची निजाम-ए-इस्लाम पार्टी होती आणि मौलाना मौदूदी यांची जमात-ए-इस्लामी होती. एकाला बंगालची स्वायत्तता हवी, दुसऱ्याला मजबूत केंद्र. एकाला समाजवाद हवा, दुसऱ्याला शरियत. आपसात पटत नव्हतं, पण एका मागणीवर सगळे एक झाले. प्रत्येक प्रौढाला थेट मताचा हक्क मिळावा आणि संसदीय लोकशाही परत यावी.

मागणी ठरली, पण उमेदवार कोण? हा प्रश्न आला आणि गाडी अडली. या पक्षाचा पुढारी त्या पक्षाला नको. पश्चिमेचा माणूस पूर्वेला नको, पूर्वेचा पश्चिमेला नको. जनरल आझम खान यांचं नाव चर्चेत आलं. ते पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर असताना लोकांत मिसळून काम करत आणि बंगाली जनतेत फार लोकप्रिय होते. पण तेही मार्शल लॉच्या सरकारातलेच होते. लष्करी राजवटीला विरोध करताना लष्करातलाच माणूस पुढे करायचा, हे काहींना मान्य झालं नाही.

तेव्हा सगळे कराचीला फातिमा जीनांच्या दारात गेले. त्यांचं वय ७१. पक्ष नाही, पद नाही, निवडणुकीचा अनुभव नाही. तरीही त्यांच्यात अशी एक गोष्ट होती जी बाकी कोणाकडे नव्हती. त्यांना देशाची शत्रू म्हणणं फार अवघड होतं. देशाच्या संस्थापकाच्या बहिणीला गद्दार कसं म्हणणार? पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे त्यांचं नाव आदराने घेतलं जायचं. त्यांनी कोणाचं काही घेतलं नव्हतं, म्हणून कोणाचं देणंही लागत नव्हत्या. आधी त्या तयार नव्हत्या. आग्रह झाल्यावर सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी होकार दिला.

आमच्या मते इथं एक बारीक गोष्ट दडली आहे. पक्षांनी त्यांना निवडलं ते त्यांच्या गुणांमुळे, हे खरंच आहे. पण आपसातला कोणीही चालत नव्हता, हेही तितकंच खरं आहे. ज्या आघाडीला आपला नेता स्वतःतून घडवता येत नाही, ती बाहेरून मोठं नाव आणते. त्या नावाने सभा भरतात. पण गावोगावचा कार्यकर्ता, मेंबरला धीर देणारा माणूस, मतपेटीजवळ बसणारा प्रतिनिधी, हे सगळं नावाबरोबर येत नाही. ते आधीपासून उभं करावं लागतं.

कंदील आणि गुलाब

फातिमा जीनांचं निवडणूक चिन्ह होतं कंदील, अयूब खान यांचं गुलाबाचं फूल. प्रचार सुरू झाला आणि सरकारला धक्काच बसला. उर्दू ही फातिमा यांची मातृभाषा नव्हती, बंगाली तर नव्हतीच. त्या फर्ड्या वक्त्या नव्हत्या. तरी लोक लाखांनी येत होते. पूर्व पाकिस्तानात ढाक्याहून चितगावला निघालेली त्यांची रेल्वे कित्येक तास उशिरा पोहोचली, कारण ठिकठिकाणी लोक साखळी ओढून गाडी थांबवत आणि त्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणून हट्ट धरत. वकील आणि विद्यार्थी उघडपणे त्यांच्या बाजूने आले. हबीब जालिब यांच्यासारखा शायर त्यांच्या सभांत आपल्या नज्म ऐकवायचा. शेख मुजीब पूर्वेत त्यांच्यासाठी फिरत होते आणि ज्यांची उमेदवारी मागे पडली ते आझम खानही नाराज न होता त्यांच्या प्रचाराला निघाले. सहा वर्षं गप्प बसलेले लोक बोलायला लागले होते. हे त्या बाईंचं सर्वांत मोठं काम म्हणावं लागेल.

पण ऐन प्रचारात, २२ ऑक्टोबर १९६४ ला, आघाडी जुळवून ठेवणारे ख्वाजा नाझिमुद्दीन अचानक वारले. सरकारी यंत्रणाही कामाला लागली. पश्चिमेचे गव्हर्नर कालाबागचे नवाब आणि पूर्वेचे गव्हर्नर मोनेम खान, दोघांनी प्रशासनाचा पूर्ण जोर लावला. विरोधकांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. फातिमा यांचं वय काढलं गेलं. त्यांनी लग्न केलं नाही यावरही बोट ठेवलं गेलं. पुरुष उमेदवाराला हे प्रश्न कोणी विचारत नाही. बाई उभी राहिली की प्रश्न तिच्या धोरणावर राहत नाही, तिच्या घरावर येतो. हे आजही आपण पाहतोच.

बाई आणि फतवा

सगळ्यात मोठं हत्यार मात्र धर्माचं होतं. सरकारच्या बाजूच्या काही उलेमांनी आणि पीरांनी सांगितलं की इस्लाममध्ये स्त्री राज्याची प्रमुख होऊ शकत नाही. गंमत अशी की अयूब खान स्वतःला आधुनिक म्हणवत. १९६१ मध्ये त्यांनीच मुस्लिम कौटुंबिक कायदा आणून दुसऱ्या लग्नावर अटी घातल्या होत्या, आणि तेव्हा बऱ्याच उलेमांशी त्यांचं वाजलं होतं. निवडणूक आली आणि त्याच राजवटीला फतवा गोड वाटू लागला.

दुसऱ्या बाजूला मौलाना मौदूदी होते. स्त्रीने राज्यप्रमुख होणं त्यांच्या नेहमीच्या विचारात बसत नव्हतं. जानेवारी १९६४ मध्ये सरकारने त्यांच्या जमातवर बंदी घालून त्यांना कैदेत टाकलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली होती. त्यांनी भूमिका घेतली की असाधारण परिस्थितीत, जुलमी सत्तेला पर्याय म्हणून, स्त्री उमेदवाराला पाठिंबा देता येतो. यात सोय किती आणि तत्त्व किती, यावर तेव्हाही वाद झाला. उलट बाजूही लपवायला नको. फातिमा यांच्या आघाडीच्या कार्यक्रमात त्या १९६१ च्या कौटुंबिक कायद्यात बदल करण्याची मागणी होती. म्हणजे उमेदवार स्त्री, आणि स्त्रियांना थोडा आधार देणारा कायदा बदला असं म्हणणारे तिचेच साथीदार. दोन्ही बाजूंनी स्त्रीचा प्रश्न आपापल्या सोयीने वापरला.

आम्ही काही आलिम नाही, फतव्यावर बोलायचा आमचा अधिकार नाही. पण कुरआन वाचणाऱ्या प्रत्येकाला सबाच्या राणीची हकीकत माहीत आहे. मोठा निर्णय घेण्याआधी ती आपल्या सरदारांना बोलावते आणि त्यांचा सल्ला विचारते. सल्लामसलत, म्हणजे शूरा, हा आपल्या दीनमधला मोठा शब्द आहे. १९६४ साली एका बाजूला सगळा निर्णय एकट्याच्या हातात ठेवणारा पुरुष होता आणि दुसऱ्या बाजूला लोकांना विचारा म्हणणारी स्त्री होती. शूराच्या जवळ कोण होतं, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आणखी एक गोष्ट. तोपर्यंत जगात सरकारच्या प्रमुखपदी पोहोचलेली स्त्री म्हणजे श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके. इंदिरा गांधी जानेवारी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या. म्हणजे त्यांच्याही वर्षभर आधी एक मुस्लिम स्त्री शेजारच्या देशात सर्वोच्च पदासाठी लढली होती. मुस्लिम स्त्री राजकारणात येत नाही असं कोणी म्हटलं, तर हे वर्ष आपल्या मुलींना सांगता आलं पाहिजे.

२ जानेवारी १९६५

मतदान झालं. अयूब खान यांना ४९,९५१ मतं पडली, फातिमा जीनांना २८,६९१. निकाल सरकारच्या बाजूने लागला, यात नवल काहीच नव्हतं. मतदार मोजकेच होते आणि त्यांच्या नाड्या सरकारच्या हातात होत्या.

पण आकडे जरा उलगडून पाहा. पश्चिम पाकिस्तानात अयूब यांना २८,९३९ आणि फातिमा यांना १०,२५७ मतं होती. पूर्व पाकिस्तानात अयूब यांना २१,०१२ आणि फातिमा यांना १८,४३४. म्हणजे इतका दबाव असूनही पूर्वेत जवळपास निम्मे मेंबर सरकारच्या विरोधात गेले. ढाका आणि कराची या दोन मोठ्या शहरांत तर फातिमा पुढे होत्या. निवडणूक हा ताप मोजायचा थर्मामीटर असतो. पूर्वेला ताप चढलाय हे त्याने दाखवलं होतं. राज्यकर्त्यांनी फक्त विजय पाहिला.

कराचीत तर विजयाची मिरवणूक निघाली आणि ज्या वस्त्यांनी फातिमा यांना साथ दिली होती तिथं हिंसाचार झाला, माणसं मेली. हरलेल्यांना धडा शिकवायचा, ही हुकूमशाहीची जुनी खोड आहे. लोकशाहीत हरलेला माणूस रात्री घरी निवांत झोपू शकतो. तिची परीक्षा तिथेच होते.

पराभवानंतर

त्याच वर्षी संसदेच्या निवडणुका झाल्या, त्यातही आघाडीला मोजक्याच जागा मिळाल्या. मग एक एक पक्ष आपल्या वाटेने गेला. जी आघाडी एका निवडणुकीसाठी जमली होती, ती निवडणूक संपल्यावर टिकली नाही. सभांना आलेल्या लाखो लोकांना पुढे काय करायचं हे कोणी सांगितलं नाही. फातिमा जीना पुन्हा एकट्या पडल्या. ९ जुलै १९६७ ला कराचीत त्यांचा इंतकाल झाला. जनाजाला इतकी गर्दी झाली की पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. ज्या सरकारला त्या जिवंतपणी जड वाटत होत्या, त्याला त्यांच्या मय्यतीचीही भीती वाटली. भावाच्या मजारीच्या आवारात त्यांना दफन करण्यात आलं.

पुढे दीड वर्षही झालं नसेल, १९६८ च्या हिवाळ्यात विद्यार्थी, कामगार आणि वकील रस्त्यावर उतरले. २५ मार्च १९६९ ला अयूब खान यांनी राजीनामा दिला. पण सत्ता लोकांकडे आली नाही. ती दुसऱ्या जनरलकडे, याह्या खान यांच्याकडे गेली आणि पुन्हा मार्शल लॉ लागला. फातिमा यांनी मागितलेली थेट मतदानाची सार्वत्रिक निवडणूक झाली डिसेंबर १९७० मध्ये, देश बनल्यावर २३ वर्षांनी. त्या निवडणुकीत पूर्वेच्या अवामी लीगला बहुमत मिळालं, पण सत्ता दिली गेली नाही. उलट मार्च १९७१ मध्ये लष्कर आपल्याच लोकांवर चालून गेलं. डिसेंबरमध्ये बांगलादेश वेगळा झाला. १९६५ मध्ये पूर्वेच्या ज्या मेंबरांनी कंदिलावर शिक्का मारला, त्यांचं वेळीच ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं की शांततेने बोलायची ती एक संधी होती आणि ती दवडली गेली.

आपण यातून काय घ्यायचं?

आपल्या देशात मताचा हक्क पहिल्या निवडणुकीपासून आहे. त्यालाही एकदा, १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात, मोठा धक्का बसला. तेव्हा नसबंदीच्या सक्तीचे आणि दिल्लीच्या तुर्कमान गेटचे घाव आपल्या समाजाने झेलले. पण १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सरकार बदललं. दोन्हीकडच्या गोष्टीत फरक इथंच पडला. आपल्याकडे मतदार कोट्यवधी होते, ८० हजार नव्हते. हक्क जितक्या जास्त हातांत वाटलेला, तितका तो हिसकावून घ्यायला अवघड.

म्हणून आम्हाला फातिमा जीनांच्या आयुष्यातून दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की एक माणूस भीती घालवू शकतो. ७१ वर्षांच्या, पक्ष नसलेल्या, हरणार हे बहुधा ओळखून असलेल्या बाईने उभं राहायचं ठरवलं आणि सहा वर्षांची शांतता मोडली. पुढच्या आंदोलनाला जो धीर आला, त्याची सुरुवात आम्हाला तिथं दिसते. हरलेली निवडणूक वाया जात नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. भीती घालवणं एका माणसाला जमतं, पण घर बांधणं जमत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं काम करणारी माणसं लागतात. पाच पक्षांनी मोठं नाव शोधलं, माणसं घडवली नाहीत. आपण दुसऱ्यांवर हसण्याआधी आपल्याकडेच पाहू. मोहल्ल्याची कमिटी असो, शाळेची व्यवस्थापन समिती असो, मशिदीचं ट्रस्ट असो की ग्रामपंचायत, दरवेळी आपण एखाद्या वजनदार माणसाला शोधतो, त्याला हार घालतो आणि सगळं त्याच्यावर सोडून घरी जातो. मग तीच व्यक्ती वीस-वीस वर्षं खुर्चीवर बसते आणि हिशेब विचारला की रागावते. लहान जागी ज्यांना प्रश्न विचारायची सवय नाही, ते मोठ्या जागी कसा विचारणार?

नेता वरून पडत नाही. तो अशाच कमिट्यांत, बैठकांत, पालकसभांत घडतो. तिथं आपल्या तरुणांना आणि विशेषतः मुलींना बोलू द्या. कोणी विरोधी मत मांडलं तर त्याला घरफोड्या म्हणू नका. मतदार यादीत घरातल्या प्रत्येक प्रौढाचं नाव आहे का ते वेळेत बघा, आजीचंही आणि नव्याने अठरा पूर्ण केलेल्या मुलीचंही. मुंबईतल्या वाचकांनी कधी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जाताना मुलींना सांगावं की इथं शंभर वर्षांपूर्वी एक मुस्लिम डेंटिस्ट बसायची, जिने पुढे एका लष्करशहाकडे लोकांच्या मताचा हक्क मागितला.

अल्लाह तआला मरहूमांची मगफिरत करो, आणि आपल्या सर्वांना खरं बोलायची हिंमत आणि एकमेकांचं ऐकून घ्यायची तौफिक देवो. आमीन.